कानातला खडा

४ जानेवारी

ताई,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण मोबाईलचा पडदा बोटानं वर सरकवला की माझं डोकंही त्याच्याबरोबर सरकतं. कागद बिचारा जागच्या जागी राहतो.

आई तुला मावशीच्या मायेनं सांगेल की मी थोडी विश्रांती घेतेय. खोटं आहे. मला निलंबित केलंय आणि कारण लिहिलंय, कामावर दारू पिऊन आली.

घडलं ते असं. बावीस डिसेंबरला सकाळी अकराच्या सुमाराला भिंगसाहेबांनी एक जुना गठ्ठा मागितला. भिंगसाहेब म्हणजे आमच्या रेकॉर्ड रूमचे प्रमुख. सही करण्याआधी प्रत्येक कागद भिंगाखाली धरतात, म्हणून आम्ही हे नाव ठेवलंय. गठ्ठा सगळ्यात वरच्या फळीवर होता. मी शिडीच्या सातव्या पायरीवर जाऊन मान वर केली आणि फळी, दिवा, छत सगळं गरागरा फिरायला लागलं. हात कधी सुटला ते कळलंच नाही. पडले ती बाइंडरबाईच्या टेबलावर. तिथे जुना डिंक सोडवायची स्पिरिटची बाटली होती, ती माझ्या अंगावर फुटली. मी दोनदा ओकले. उठायला गेले तर पाय एकीकडे आणि मी दुसरीकडे. भिंगसाहेब आले, नाक पुढे करून वास घेतला आणि डॉक्टरला बोलवायच्या ऐवजी कोरा कागद मागवला.

त्यांचं मी समजू शकते. तो माणूस मला पहिल्यापासून पाण्यात पाहतो. पण कागदाखाली साक्षीदार म्हणून सही कुणाची? बाइंडरबाईची. फाटकी रजिस्टरं शिवणारी, नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारी, रोज माझा अर्धा डबा खाणारी. बाटली तिची. फुटली ती तिच्या डोळ्यांदेखत. आणि सही कशावर केली, तर 'तोंडाला वास येत होता' यावर.

ताई, मला कीव नकोय. तू चक्कर येणाऱ्यांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहेस, तर मी पीत नाही असा एक कागद मला दे. चौकशी एप्रिलमध्ये आहे. त्या दिवशी त्या बाईला मी अशी मान खाली घालायला लावीन की पुन्हा वर करायची नाही.

तुझी धाकटी


११ जानेवारी

धाकटे,

'ही पीत नाही' असा कागद जगातला कुठलाही डॉक्टर देत नाही, आणि मी तर डॉक्टरही नाही. पण तू लिहिलंस त्यावरून पैज लावून सांगते, तुझा आजार माझ्याकडे दिवसाला चार-पाच जणांना असतो.

आपल्या आतल्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात. तोल कळावा म्हणून ते एका जागी चिकटवून ठेवलेले असतात. कधीकधी त्यातले काही सुटतात आणि भलत्याच नळीत जाऊन पडतात. मग मान वर केली, कूस बदलली की ते गडगडतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. लोक कानाला खडा लावतात, तुझा कानातच सुटलाय.

आधी तिथल्या कानाच्या डॉक्टरला दाखव आणि बाजू कुठली ते ठरवून घे. मग मावशीला हाताशी धर. पलंगावर पाय लांब करून बस. ज्या बाजूला फिरतं त्या बाजूला मान अर्धी वळव आणि झटकन मागे पड, डोकं पलंगाच्या कडेबाहेर थोडं लोंबू दे. फिरेल, ओरडू नकोस, तीस आकडे मोज. मग मान हळूच दुसऱ्या बाजूला, पुन्हा तीस. मग त्याच कुशीवर वळून नाक जमिनीकडे, पुन्हा तीस. मग उठून बस. खडे आपल्या घरी परत जातात. मावशीनं डोकं धरायचं, उपदेश करायचा नाही.

आणि रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घे. ज्यांना हे पुन्हा पुन्हा होतं त्यांच्यात ते कमी असलेलं मी फार वेळा पाहिलंय. तुझ्या तळघरात ऊन येतं का गं?

सूड नंतर. आधी मान.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

डावी बाजू. डॉक्टरनं अर्ध्या मिनिटात सांगितलं. आईनं पहिल्या खेपेला माझं डोकं असं धरलं जसं काही ते निसटून पलंगाखाली जाणार होतं. फिरायला लागलं तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त ओरडली आणि आकडे मोजताना सतरावरून एकदम पंचवीसवर गेली. पण ताई, उठून बसले आणि भिंत जागेवर होती. जवळजवळ महिन्यानं पहिल्यांदा. मी आईच्या गळ्यात पडून रडले.

बारा दिवस टिकलं. मग पुन्हा सुरू. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं.

ड जीवनसत्त्व सात आलं. निदान वीस तरी हवं असं रिपोर्टवरच छापलंय. तपासणारा म्हणाला, तुम्ही राहता कुठे, विहिरीत? विहिरीतच म्हण. सकाळी साडेआठला तळघरात उतरायचं ते सहाला वर यायचं, अकरा वर्षं. पूर्वी आम्ही जेवायला गच्चीवर जायचो. चार वर्षांपूर्वी भिंगसाहेबांनी गच्चीला कुलूप घातलं, माणसं वर जाऊन वेळ काढतात म्हणून. दोन झरोके होते, त्यांच्यापुढे रॅक उभे केले. हे सगळं मी तारखांनिशी लिहून काढलंय. मी रेकॉर्ड सांभाळणारी बाई आहे. मला कुणाला मारता येत नाही, पण कागद शोधता येतो.

बाइंडरबाई परवा दुकानात दिसली. मला पाहून रांगेतून निघून गेली. ज्या घरचं खाल्लं त्याच घरचे वासे मोजणारी माणसं असतात हे ऐकलं होतं, आता ओळखीचं झालं. भिंगसाहेबांवर मला राग आहे. हिच्यावर मात्र मी डूख धरलाय.

धाकटी


१२ फेब्रुवारी

धाकटे,

सात फारच कमी आहे. डॉक्टर देतील तो डोस वेळेवर घे आणि सकाळी तास-अर्धा तास उन्हात चाल. खडे पुन्हा पुन्हा सुटणं त्यानं कमी होईल अशी आशा आहे, हमी नाही. आणि तळघरामुळेच आजार झाला असं मी कुठेही लिहून देणार नाही. ऊन न मिळाल्यानं ड कमी झालं असेल, ड कमी म्हणून खडे पुन्हा पुन्हा सुटत असतील. हे दोन 'असेल' आहेत, आणि चौकशीत 'असेल'ला कुणी विचारत नाही.

पण एक गोष्ट दाखवता येते. चक्कर आली की डोळे थरथरतात आणि त्यांची एक ठरलेली चाल असते. दारूनंही डोळे फिरतात, पण ते फिरतच राहतात. या आजारात दोन-चार क्षण थांबून सुरू होतात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात शांत होतात. आमच्याकडे चष्म्यासारखा कॅमेरा आहे. पुन्हा चक्कर सुरू झाली की काही न करता तशीच गाडीत बस आणि ये. मी नोंद करून डॉक्टरांची सही घेऊन देते.

मैत्रिणीचं म्हणशील तर एवढंच विचारते, तिनं सही का केली हे तू तिला विचारलंस का?

ताई


२० मार्च

धाकटे,

तू गेल्यावर पलंगाची चादर बदलली तर उशीखाली तुझी केसांची पिन. ठेवलीय. डोळ्यांची नोंद आणि डॉक्टरांचा कागद सोबत पाठवते आहे. कुठल्याही समितीला हे पुरेसं आहे. उगाच जास्त बोलू नकोस.

आता एक गोष्ट लिहू की नको असं चार दिवस चाललंय. लिहिते. हे कुणाला दाखवू नकोस, खरं तर तुलाही सांगायला नको.

सोमवारी एक बाई आल्या. उजव्या बाजूला चक्कर, दोन वर्षं अंगावर काढलेली. ड सहा. काम विचारलं तर म्हणाल्या, जुनी रजिस्टरं शिवते. माझ्या हातातलं पेन थांबलं. पत्ता त्यांना मावशीनं दिला होता, तुला न सांगता. मी कोण हे त्यांना ठाऊक होतं, तरी आल्या. उपचार झाल्यावर पलंगावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "ती पडली तेव्हा मला बघताक्षणी कळलं काय झालंय ते. मला रोज होतं. पण आजार आहे म्हटलं असतं तर सगळ्यांना तपासलं असतं आणि मला शिडीला अपात्र ठरवून कामावरून काढलं असतं. घरात मी एकटी मिळवती." सासूबाई आंधळ्या आहेत, त्यांचं सगळं याच करतात.

धाकटे, ती बाई माझ्यासमोर रडली. तुझं मन हलकं व्हावं म्हणून लिहिलंय. त्यांचे अजून एक-दोन वेळा उपचार करावे लागतील, खडे पुरते परतलेले नाहीत.

ताई


२८ मार्च

ताई,

कागद पोचले. तुझं पत्र दोनदा वाचलं. मन हलकं झालं. तू काळजी करू नकोस. चौकशी सोळा एप्रिलला आहे, नंतर लिहीनच. पिन टाकून दे, माझ्याकडे ढीग आहे.

धाकटी


१९ एप्रिल

ताई,

जिंकले. आरोप मागे, निलंबन रद्द, सोमवारपासून कामावर. गच्चीचं कुलूप काढायचा आणि झरोके मोकळे करायचा हुकूम निघाला. तळघरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी होणार. आई सकाळपासून शेजारणींना बोलावून सांगतेय.

आता खरं काय झालं ते. समितीत तिघे होते, मधे अध्यक्षबाई. बाइंडरबाई साक्षीदार म्हणून भिंतीकडेच्या खुर्चीवर. आधी तिला विचारलं. तिनं खाली बघत, पाठ केल्यासारखं सांगितलं की वास येत होता. मग माझ्या डोळ्यांची नोंद लावली. भिंतीवर माझा डोळा केवढा तरी मोठा, थरथरतोय, मग शांत होतोय. अध्यक्षबाईंनी डॉक्टरांचा कागद वाचला, स्पिरिटच्या बाटलीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "पुरे. आम्हाला आणखी काही नको."

मला पुरे नव्हतं. मी म्हणाले, माझ्याकडे अजून एक कागद आहे. आणि तुझं पत्र वाचलं.

'सोमवारी एक बाई आल्या' इथपासून. सावकाश वाचलं. 'बघताक्षणी कळलं' हे दोनदा वाचलं. मी वर बघितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, डिसेंबरनंतर पहिल्यांदा. रडली नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे तुम्ही म्हणालात?" ती म्हणाली, "हो." बस, तेवढंच. तिला खोटं बोलता आलं असतं. नाही म्हणाली असती तर मी काय करणार होते?

तिला खोट्या साक्षीबद्दल आणि शिडीला अपात्र म्हणून त्याच दिवशी काढलं. भिंगसाहेबांना ताकीद आणि वरच्या मजल्यावर बदली, खिडकीशेजारी टेबल. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आई म्हणाली. मी म्हटलं, ती कुठली संन्याशी?

चार महिने ज्या दिवसाची वाट बघत होते तो दिवस मिळाला ताई. तुझ्यामुळे.

धाकटी


२७ एप्रिल

तुझं पत्र मिळायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. समितीनं माझ्या पत्रातल्या तू वाचलेल्या भागाची नक्कल चौकशीच्या कागदांना जोडली आणि एक प्रत आमच्या दवाखान्याला खुलाशासाठी पाठवली. रुग्णानं पलंगावर बसून सांगितलेलं मी घरी लिहून पाठवलं, हे खरं आहे. मी तसंच लिहून दिलं. मला तीन महिने रजेवर बसवलंय. पुढचं नंतर ठरेल.

याला तू जबाबदार नाहीस. लिहिलं मी. बहिणीचं मन हलकं करायला दुसऱ्या बाईचं मन उघडं केलं, ही चूक माझी आणि ती मी भोगीन.

पण वाचलंस तू. 'हे कुणाला दाखवू नकोस' ही ओळ त्याच पानावर, त्याच्या बरोबर वर आहे. ती वगळून तू पुढून वाचायला सुरुवात केलीस. आणि अध्यक्षबाई 'पुरे' म्हणाल्यानंतर. हे तू स्वतःच मला हौसेनं लिहून पाठवलंस, म्हणजे ते लपवावं असंही तुला वाटलं नाही.

त्या बाई पुढच्या उपचाराला आल्या नाहीत. येणार तरी कशा? उजव्या कानात खडे अजून सुटे आहेत आणि घरात सांभाळायला आंधळी म्हातारी. त्या पडल्या तर दोघी पडतील. तिथल्या डॉक्टरकडे जायला त्या आता कुणावर विश्वास ठेवणार नाहीत.

डोकं कसं धरायचं हे तुला येतं. मी शिकवलंय.

याच्यापुढे मला काही लिहायचं नाही.


१५ मे

ताई,

तू लिहायचं नाही म्हणालीस, वाचायचं नाही असं म्हणाली नाहीस.

मी समितीला लेखी दिलं. पत्र खासगी होतं, त्यात मनाईची ओळ होती, ती मी गाळून वाचली आणि बहिणीला याची कल्पना नव्हती, असं. मूळ पत्र सोबत जोडलं. अध्यक्षबाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, हे त्या दिवशी का सांगितलं नाहीत? एक प्रत तुझ्या दवाखान्याला गेलीय. उपयोग होईल की नाही माहीत नाही.

मग रविवारी सकाळी तिच्याकडे गेले. दोन आठवडे जाईन जाईन म्हणत होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिनं दार उघडलं ते एका हातानं भिंत धरून. मला बघून दार लावलं नाही, बाजूलाही झाली नाही. सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण आलंय गं?"

ती म्हणाली, "कुणी नाही."

मी म्हटलं, ताईनं पाठवलंय, उपचार करून जाते. तिनं पाठ वळवली. मग भिंतीभिंतीनं आत गेली. दार उघडं ठेवलं, त्यावरून मी समजले. खोलीत खिडकीपाशी शिवायचं यंत्र, त्यावर लोकांचे फाटके कपडे. म्हणजे आता रजिस्टरांऐवजी हे शिवते. सुई ओवायला मान खाली केली की फिरत असणार.

ती पलंगावर बसली. मी तिची मान उजवीकडे वळवून तिला मागे निजवलं. तिचं डोकं माझ्या तळहातांवर आलं. ताई, माणसाचं डोकं किती जड असतं. नऊ वर्षं शेजारी बसले, पण तिला असा हात कधी लावला नव्हता. तिचे डोळे थरथरायला लागले, भिंतीवर माझा दिसला होता तसेच. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं, नखं रुतेपर्यंत. ओरडली मात्र नाही, आत सासू होती म्हणून.

तुला खोटं सांगणार नाही. मी चांगुलपणानं गेले होते, निदान जिना चढताना तसं वाटत होतं. पण ते डोळे फिरताना बघितले आणि पोटातून काहीतरी वर आलं, गोड. मनात म्हटलं, बघ, असं असतं. आणि मग आठवलं की तिला मी दाखवायची गरज नाही. तिला दोन वर्षं माहीत आहे, म्हणून तर मला राग होता. तरी मी तीस आकडे मोजायचे तिथे पंचेचाळीस मोजले. तिसावर थांबता आलं असतं. थांबले नाही.

मग मान वळवली, कूस वळवली, सगळं नीट केलं. बाकीच्या खेपांना तीसच. ती उठून बसली, डोळे मिटून. भिंत जागेवर आली असावी, कारण पकडलेलं मनगट सोडलं. मग म्हणाली, "पहिल्यांदा जास्त मोजलंस."

मी हो म्हटलं.

"माझ्याकडे मोजायला दुसरं कुणी नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी ये. जास्त मोजायचं असेल तर मोज. पण ये."

मला तिनं शिव्या दिलेल्या चालल्या असत्या. खाली येऊन मी पहिल्या पायरीवर बसून राहिले, तिला नाही, मला चक्कर येतेय असं वाटलं. आली नाही.

ताई, मी पुढच्या रविवारी जाऊ का? माझ्या हातांचा मला भरवसा नाही. आज सकाळी भाजी चिरताना मनात आलं, चौकशीत तिनं 'हो' म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. म्हणजे अजून पूर्ण झालेलं नाही माझं. उट्टं काढून झालं की माणूस शांत होतो असं जो म्हणतो, त्यानं कधी काढलेलं नसणार.

धाकटी


१७ मे

धाकटे,

पत्र वाचलं.

पंचेचाळीस आकड्यांनी अपाय होत नाही. उलट काही डॉक्टर मिनिटभरही थांबायला सांगतात. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं, कारण मावशीला मिनिटभर मोजता आलं नसतं. तेव्हा तिला तू इजा केलेली नाहीस. करायची होती, ती गोष्ट वेगळी, आणि ती तुझी तूच बघ.

त्यांचं ड सहा आहे. गोळ्या कुणी सुरू केल्या का ते तू विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस. गेलीस ती सबंध वेळ स्वतःकडेच बघत होतीस.

रविवारी तू जाऊ नकोस. मला रजाच आहे, शनिवारच्या गाडीनं मी येते. सकाळी त्यांच्याकडे मी एकटी जाईन. त्यांच्यापुढे बसून मला आधी माझी माफी मागायची आहे, तिथे तू नको आहेस.

तू त्याआधी घराच्या गच्चीवर जाऊन तुझं ऊन घे. खाली उतरलीस की मला त्यांच्या घराचा जिना दाखव आणि तिथून परत फीर. तुझ्याकडे जेवायला येईन की थेट गाडी पकडीन, ते त्यांच्या घरून निघताना ठरवीन. मावशीला सांग, माझं ताट मांडू नकोस, पण जेवण झाकून ठेव.

ताई